पाणघोड्याचं वजन शून्य

३ मार्च, सोमवार

मेलो!

प्राणिसंग्रहालयाच्या नव्या संचालक मॅडम आज संगणकाच्या खोलीत आल्या. तेही सकाळी सातला, नेमकं प्राण्यांच्या खाण्याची यादी काढायच्या वेळी. जुने साहेब सहा वर्षांत या खोलीत दोनदा आले होते, दोन्ही वेळा छत्री शोधायला.

मी कमांड दिली. काळी खिडकी उघडली, प्रोग्राम धावला, आणि नेहमीसारख्या तीन-चार लाल ओळी चमकून गेल्या. डोळ्याचं पातं लवेपर्यंत खिडकी बंद.

'ते लाल काय होतं?'

'काही नाही मॅडम. किरकोळ चुका. कुणी आकडा चुकीचा भरला की प्रोग्राम तक्रार करतो.'

'काय तक्रार करतो?'

'वाचता येत नाही मॅडम, फार भरकन जातं.'

'मग तक्रार करतो कुणाकडे?'

त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि शांतपणे सांगितलं — उद्यापासून प्रत्येक लाल ओळ एका फाइलमध्ये साठवायची. दर सोमवारी सगळ्यांसमोर वाचायची. 'त्याशिवाय चुका कमी कशा होणार?'

बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नाही. त्या लाल ओळी मी लिहिल्यात. सहा वर्षांपूर्वी, नवा नवा लागलो तेव्हा, एकटा बसून. कोण वाचणार आहे म्हणून वाट्टेल ते लिहिलंय! पाणघोड्याच्या भाऊंबद्दल, डॉक्टरांबद्दल, पक्ष्यांच्या काकांबद्दल, स्वयंपाकघरातल्या मावशींबद्दल. एकालाही सोडलेलं नाही.

आणि मार्चअखेर मला कायम करायची शिफारस कुणाच्या सहीनं जाणार? याच मॅडमच्या.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर दार लावून प्रोग्रामच्या फायली उपसल्या. एकेक संदेश सापडतोय आणि घाम फुटतोय. 'साहेबांची सही नाही. साहेब जागे आहेत का बघा.' — हे निदान निवृत्त झालेल्या साहेबांबद्दल. 'जिराफ यादीत नाही. एवढा मोठा प्राणी विसरलात, धन्य!' — हे तर मलाच लागू.

सगळं सभ्य करत सुटलो. 'कृपया सही तपासावी.' 'कृपया प्राण्याची नोंद तपासावी.' संध्याकाळपर्यंत सत्तावीस झाले. सत्तावीस! इतकं बोलत होतो मी?

घरी बायकोला सांगितलं. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. पोट धरून हसली. 'आमच्याकडे लोक दात काढायला पैसे मोजतात,' म्हणाली, 'तू सहा वर्षं फुकट दात काढत बसलास!'

५ मार्च, बुधवार

आणखी वाईट.

वजनं, तारखा, पक्ष्यांची मोजणी आणि स्वयंपाकघराचा रकाना तपासणारा भाग वेगळा आहे. तो मी बांधून बंद करून टाकला होता — नुसता चालतो, आत हात घालता येत नाही. मूळ मजकूर जुन्या संगणकात होता. आणि जुना संगणक?

भांडारवाल्याला विचारलं. 'तो होय! तीन वर्षांपूर्वी भंगारात गेला. तुम्हीच सही केली होतीत.'

सहीसुद्धा माझीच! आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या भागात मी काय काय लिहून ठेवलंय ते नीट आठवतही नाही. पाच-सहा संदेश असावेत. सगळ्यांत कडक तेच असणार. तेव्हा माझी लेखणी ऐन भरात होती.

६ मार्च, गुरुवार

मॅडमनी दोनदा फोन केला. आता टाळता येईना. चुका साठवायची लॉग फाइल सुरू केली.

काम तसं एका ओळीचं. प्रोग्रामला दोन तोंडं असतात. एकानं सांगायचं ते सांगतो, दुसऱ्यानं रडतो. सांगायचं तोंड मी पूर्वीच स्वयंपाकघरातल्या प्रिंटरकडे वळवलेलं आहे. रोज सात वाजता तिथे यादी छापून निघते, कुणाला किती गाजर, किती गवत. रडायचं तोंड तेवढं काळ्या खिडकीकडे होतं. कमांडच्या शेवटी आकडा दोन, त्यापुढे बाणाची खूण आणि फाइलचं नाव टाकलं की झालं, सगळं रडणं फाइलमध्ये.

चालवलं. श्वास रोखून फाइल उघडली. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझं साहित्य सलग वाचायला मिळालं.

'पाणघोड्याचं वजन शून्य! वाऱ्यानं उडाला की काय? भाऊ, काट्यावर प्राणी उभा करायचा असतो.'

'औषधाच्या नोंदीवर उद्याची तारीख. डॉक्टर ज्योतिषी झाले!'

'पोपट काल बावन्न, आज पंचवीस. काका, आकडे उलटे वाचता की पोपट?'

'स्वयंपाकघराचा रकाना पुन्हा कोरा. मावशी, कीबोर्ड चिरून कुणाला खायला घातलात?'

खरं सांगायचं तर पोपटाचं मला अजूनही आवडलं.

पण आता उपाय एकच. संदेश बदलता येत नाहीत ना? मग चुकाच होऊ द्यायच्या नाहीत. सोमवारी सकाळी सातच्या आत या चौघांपैकी एकानंही चूक करता कामा नये!

७ मार्च, शुक्रवार

सहाला हजर. पाणघोड्याच्या कुंपणाशी भाऊ दात घासत उभे.

'काय संगणकवाले, वाट चुकलात?'

'पैलवानाचं वजन करू या म्हटलं.' (पाणघोड्याला सगळे पैलवान म्हणतात.)

'कशाला? परवाच झालंय.'

'परवा शून्य भरलंय तुम्ही.'

'मग! तो काट्यावर यायलाच तयार नव्हता. मी जे दिसलं ते भरलं.'

जमिनीत बसवलेला काटा, त्यावर कलिंगड ठेवलं. पैलवान आला, पुढचे दोन पाय काट्यावर ठेवून कलिंगड खाल्लं आणि माघारी गेला. अर्धा पाणघोडा आठशे किलो. भाऊ म्हणाले, दुप्पट करून टाका. मी म्हटलं, मागची बाजू जड असते. यावर आम्ही पंधरा मिनिटं वाद घातला. दुसऱ्या कलिंगडाला अख्खा पैलवान आला, काट्यावर बसला आणि उठेचना. सतराशे चाळीस! मी आनंदानं ओरडलो. पैलवानानं शेपूट फिरवून मला नखशिखान्त शेणानं रंगवलं.

तसाच डॉक्टरांकडे गेलो. 'तारीख बरोबर टाकलीत ना?' ते नाक दाबून म्हणाले, 'टाकतो, टाकतो, तुम्ही आधी बाहेर व्हा.'

स्वयंपाकघराचा रकाना मीच भरला. काल काय उरलं — शून्य. मावशी गाजरं चिरत होत्या. त्यांनी सुरी थांबवून विचारलं, 'माझ्या मशीनशी काय करतोयस?' म्हटलं, 'धूळ पुसतोय.' 'पूस बाबा. मी तर हात लावत नाही त्याला.'

८ मार्च, शनिवार

पोपट मोजले. काकांबरोबर. तीनदा. बावन्न, त्रेपन्न, बावन्न. एक पोपट माझ्या डोक्यावर बसला होता, तो दोनदा मोजला गेला.

काका म्हणाले, 'तुला अचानक कामाचा एवढा पुळका कसा आला रे?'

चोराच्या मनात चांदणं. वही उचलली आणि निघालो.

१० मार्च, सोमवार

बैठक. मोठ्या पडद्यावर फाइल उघडली — रिकामी! एकही चूक नाही. मी मनात नाचलो.

मॅडम म्हणाल्या, 'आजची रिकामी आहे. पण गुरुवारची, शुक्रवारची?'

तेव्हा लक्षात आलं. मी एकच बाण टाकला होता. एक बाण टाकला की रोज जुनं पुसून नवं लिहिलं जातं. दोन बाण टाकले की खाली खाली जोडत जातं. मॅडमना एवढं सांगितलं, पण 'मुद्दाम नाही हो' हे तीनदा म्हणालो. एकदा म्हटलं असतं तर खरं वाटलं असतं.

त्या रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, 'तुम्ही सकाळी सहाला येऊन वजनं तपासता म्हणे. भाऊ सांगत होते. असा माणूस कायम व्हायलाच हवा.' भाऊंनी मान डोलावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा हुकूम: जुनं पुसायचं नाही, तारीख-वेळ हवी, आणि चुकांबरोबर यादीसुद्धा त्याच फाइलमध्ये हवी, म्हणजे ताळा करता येईल. संध्याकाळी घाईघाईत बदल केला. यादी आणि रडणं एकत्र करायच्या खुणा एका जुन्या चिठ्ठीत लिहिलेल्या होत्या, त्या तशाच उतरवल्या. बायको खाली स्कूटर घेऊन थांबली होती आणि हॉर्न वाजवत होती. तिचा हॉर्न हाही एक प्रकारचा त्रुटी-संदेशच आहे.

११ मार्च, मंगळवार

सहाला पैलवान, साडेसहाला पोपट, पावणेसातला धूळ. सातला काळी खिडकी — एकही लाल ओळ नाही. वा!

१३ मार्च, गुरुवार

आज सायकल पंक्चर. पोचेपर्यंत सात वाजून गेले होते. सातची वेळ लावून ठेवलेली, म्हणून प्रोग्राम आपला आपण चालून गेलेला. ना वजन तपासलं, ना पोपट, ना धूळ पुसली. आता संपलं, म्हणून धापा टाकत खोलीत शिरलो.

काळी खिडकी — स्वच्छ! काल जातानाच ती उघडी राहील अशी सोय केली होती. लाल सोडा, तांबूस ठिपकासुद्धा नाही.

म्हणजे लोकच सुधारले! आठवडाभर मी मागे लागलो त्याचा परिणाम. सुंठीवाचून खोकला गेला. फाइल उघडून बघावी असं एकदा मनात आलं, पण चांगलं चाललेलं उकरून कशाला बघा! तिचा आकार वाढतोय तेवढं दिसलं. यादीही तिच्यातच जातेय, वाढणारच.

दुपारी स्वयंपाकघरावरून गेलो तर मावशी दारात स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर कागद. माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि एकट्याच हसायला लागल्या. मीही हसलो. कशाला ते कळलं नाही.

१५ मार्च, शनिवार

आता सहाला जात नाही. झोप पूर्ण होते. काका आज फाटकाशी भेटले. म्हणाले, 'पोपट मोजायला येत नाहीस तू. आठवण काढतात.' 'कोण, पोपट?' 'मी,' म्हणाले.

१६ मार्च, रविवार

बायकोनं नवा शर्ट आणला. 'उद्या शिफारस जाहीर झाली तर फोटो काढशील. शेणाचा वास येणारे तिन्ही मी टाकून दिलेत.'

१७ मार्च, सोमवार

कसं लिहू? जसं झालं तसं लिहितो.

सगळे जमले. मी नव्या शर्टात पुढच्या रांगेत. मॅडमनी पडद्यावर फाइल उघडली. आठवड्याची यादी, तारीखवार. गाजर, गवत, केळी, मासे. त्या खाली खाली जात राहिल्या. लाल ओळ एकही नाही.

'सात दिवस,' मॅडम म्हणाल्या, 'शून्य चुका!' टाळ्या. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मॅडम उभ्या राहिल्या. 'या निमित्तानं मला एक शिफारस जाहीर करायची आहे —'

मागून आवाज आला. 'बाई, चुका माझ्याकडे येतात.'

मावशी. शेवटच्या रांगेत. पिशवीतून त्यांनी सात कागद काढले, नीट घडी घातलेले. 'रोज सातला मशीनमधून येतात. आधी आकड्यांचा कागद यायचा, आता हे येतं.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खुणांचा क्रम! मी रडणारं तोंड आधी प्रिंटरच्या वाटेवर नेलं आणि मग यादीचं तोंड फाइलकडे वळवलं. म्हणजे यादी फाइलमध्ये, आणि सगळं रडणं छापून स्वयंपाकघरात!

'वाचा बघू,' मॅडम म्हणाल्या.

मावशींनी चष्मा लावला. पहिल्या दोनांवर नुसती तारीख होती, तिसरा कागद धरला, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. एकेक अक्षर सुटं करत. 'पा-ण-घो-ड्या-चं… व-जन… शून्य.' मला वाटलं, मुद्दाम! माझी कातडी सावकाश सोलतायत. 'वा-ऱ्या-नं… उडाला… की काय.'

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

'डॉक्टर… ज्यो… ज्यो-ति-षी… झाले.'

कुणीतरी फुसकन हसलं. डॉक्टर लाल. मी शर्टाच्या कॉलरमध्ये शिरायचा प्रयत्न केला, पण तो नवा आणि कडक.

पोपटांवर आल्या तेव्हा काका स्वतःच म्हणाले, 'बरोबर आहे, बावन्नचे पंचवीस मीच केले होते.' आणि खो खो हसायला लागले. मग बांध फुटला. मावशी वाचतायत, लोक डोळे पुसतायत. स्वतःचा कीबोर्ड चिरून खायला घातल्याचं त्यांनी वाचलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या. सातव्या कागदावरची शेवटची ओळ मलाही नवीन होती. बंद भागात अडगळीला पडलेली, एरवी कधीच न येणारी. 'काय चुकलं ते मलाही कळत नाही. बायकोला विचारा.'

मॅडमनी विचारलं, 'कुणाच्या?'

मी उभा राहिलो. 'माझ्या, मॅडम. हे सगळं मी लिहिलंय. सहा वर्षांपूर्वी. कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. गेल्या बुधवारपर्यंत मी सहाला यायचो तेही कामाच्या ओढीनं नाही, हे बाहेर पडू नये म्हणून.'

भाऊ म्हणाले, 'म्हणजे ते शेण तुम्ही फुकट खाल्लंत?'

मॅडमनी सातही कागद घेतले. आमच्यासमोर पुन्हा वाचले, मनातल्या मनात, चेहरा कोरा. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

'माझ्याबद्दल एकही नाही?'

'तुम्ही नव्या आहात, मॅडम.'

'हं,' म्हणाल्या. बैठक संपली. शिफारशीचं वाक्य अर्धंच राहिलं.

१८ मार्च, मंगळवार

खुणांचा क्रम सरळ केला. यादी प्रिंटरवर आणि फाइलमध्ये, चुका फक्त फाइलमध्ये. पाच मिनिटांचं काम. ही पाच मिनिटं गेल्या सोमवारी दिली असती तर!

डॉक्टर बोलत नाहीत. पण आज तारीख बरोबर टाकली, आणि पुढे कंसात 'आजचीच' असं लिहिलं. भाऊंनी पैलवानाचं वजन किलोवर ग्रॅमसुद्धा भरलं. ग्रॅम त्यांना कुठून मिळाले देव जाणे. काका मात्र भेटले आणि माझा हात हातात धरून उभे राहिले. 'आकडे उलटे वाचतो म्हणालास ना, ते खरंय रे. डाव्या डोळ्यानं हल्ली नीट दिसत नाही. कुणाला सांगितलं नव्हतं. काल सगळ्यांसमोर निघालंच आहे, तर आज दाखवून येतो म्हटलं. थेंब दिलेत.'

मी म्हटलं, 'काका, मी तसं मनात धरून लिहिलं नव्हतं.'

'म्हणूनच बरोबर आलं,' म्हणाले.

बायकोला सांगितलं, कायम व्हायचं आता विसर. तिनं शर्टाची पावती शोधून ठेवली.

१९ मार्च, बुधवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी फाइल. माझी म्हणजे नोकरीची.

'तुम्ही सहकाऱ्यांची टिंगल केलीत,' म्हणाल्या. 'ती चूक. लपवायला बघितलंत, ती दुसरी चूक. आणि खुणा न तपासता उतरवल्यात, ती तिसरी. मला सगळ्यांत जास्त राग तिसरीचा आला.'

'हो मॅडम.'

'पण कालपासून एकही आकडा चुकीचा आलेला नाही. नुसतं "कृपया तपासावे" असतं, तर कुणी लक्ष दिलं असतं का?' मी मान हलवली. 'शिफारस जाईल. सगळ्यांची माफी मागायची, एकेकाची, समोर जाऊन. आणि तो बंद भाग पुन्हा लिहायचा. मजा राहू दे, माणसाला लागेल असं नको.'

मला हुंदका आला आणि हसू आलं, दोन्ही एकाच वेळी. क्रम काय लागला माहीत नाही.

दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी थांबवलं. 'एक मिनिट. परवापासून डोक्यात घोळतंय. सात दिवस स्वयंपाकघरात यादी गेलीच नाही. कुणाला किती द्यायचं हे कुणाला माहीतच नव्हतं.' त्यांनी डॉक्टरांचा तक्ता पुढे सरकवला. 'आणि एकही प्राणी उपाशी नाही, आजारी नाही. वजनं चोख. हे कसं?'

तिथेच उभा राहिलो. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं! सात दिवस मला फक्त माझी अब्रू दिसत होती. दोनशे अकरा प्राणी आहेत.

मावशी तोवर घरी गेल्या होत्या.

२० मार्च, गुरुवार

माफी मागायला पहिला स्वयंपाकघरात गेलो. विचारलं, यादीशिवाय सात दिवस कसे काढलेत?

मावशींनी गाजर चिरणं थांबवलं नाही. 'यादी मी कधीच वाचली नाही रे. वाचता कुठे येत होतं! कोण किती खातं ते मला पाठ आहे. दोन वर्षं झाली, नातीच्या पुस्तकावरून अक्षरं लावतेय. कुणाला बोलले नव्हते. आख्खा कागद पहिल्यांदा वाचला तो तुझा. मला वाटलं, कळलं तुला, म्हणून माझ्यासाठी लिहितोयस.'

मग सुरी खाली ठेवली, हात पुसले.

'दोन दिवस परत आकडेच येतायत. बंद का केलंस?'